उंबरफाट्याची हरकत

उंबरफाट्याला आधी गाव नव्हतंच. घाटावरून खाडीकडे उतरणारी गाडीवाट होती आणि वाटेवर एक उंबर होता. गंगाधर फणशांच्या आजोबांच्या काळात रेल्वे आली, ती नेमकी त्या वाटेला आडवी गेली. मग फाटक आलं, फाटकवाला आला. आगगाडीची वेळ झाली की फाटक पडायचं आणि भाताच्या, गवताच्या बैलगाड्या दोन्ही अंगांना खोळंबायच्या. खोळंबलेल्याला तहान लागते म्हणून कुणीतरी पाण्याचा रांजण मांडला. रांजणाशेजारी चहा आला, मग भजी. चाकांवरच्या लोखंडी धावा ढिल्या व्हायच्या, म्हणून तात्या लोहाराच्या बापाने तिथेच भाता मांडला. पुढे स्टेशन झालं, मंगळवारचा बाजार भरू लागला, भाताची गिरण आली, शाळा आली. गंगाधरचे वडील अप्पा तिथे अठरा वर्षं स्टेशनमास्तर होते. ते म्हणायचे, "या गावाचं ग्रामदैवत म्हणजे आपलं फाटक. ते पडतं म्हणून इथल्या चुली पेटतात."

अप्पा गेले आणि फणशांचं तिथलं बिऱ्हाड मोडलं. गंगाधर मुंबईत फोर्टातल्या एका सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन झाला. दादरला रानडे रोडच्या मागे दोन खोल्या, बायको ललिता, अपत्य नाही. गाव मात्र सुटलं नव्हतं. उंबरफाट्याची निम्मी तरणी माणसं लालबाग-परळच्या गिरण्यांत होती. लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या ग्रामस्थ मंडळाची खोली होती. तात्या लोहाराचा मुलगा शिवा गिरणीत फिटर होता. तोच मंडळाचा कारभार पाहायचा. गंगाधर रविवारी तिथे जायचा आणि सगळ्यांची पत्रं, अर्ज लिहून द्यायचा. त्याचं अक्षर छापल्यासारखं. "मास्तरांच्या गंगाधरभाऊंचा अर्ज साहेब वाचतोच," असं मंडळी म्हणायची, आणि ते ऐकून गंगाधरला दोन दिवस पुरेल इतकं बरं वाटायचं.

गावचा आणखी एक माणूस मुंबईत होता. शरदचंद्र खोपकर, खोताचा मुलगा, गंगाधरचा वर्गबंधू. शाळेत दोघं एका बस्करावर बसलेले. शरद आता गिरगावात ठाकूरद्वारला वकिली करायचा आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवायचा. छप्पनच्या जानेवारीत गोळीबार सुरू झाला, संचारबंदी लागली, तेव्हा एका दुपारी डोकं फुटलेला शरद गंगाधरच्या दारात उभा राहिला. सदऱ्याची कॉलर रक्ताने कडक झाली होती.

"गंगू, दोन दिवस ठेवतोस? तू सरकारी नोकर. नाही म्हणालास तर मला राग नाही."

गंगाधरने त्याला आत ओढलं. दोनाचे पाच दिवस झाले. ललिताने हळदीचा लेप लावला, पेज भरवली. शेजारच्या कांताबाईंनी विचारलं, "कोण पाहुणे?" तर तिने बिनदिक्कत सांगितलं, "माझे भाऊ, तापाने फणफणलेत." जाताना शरदच्या डोळ्यांत पाणी होतं. "वहिनी, भाऊ म्हणालात ना? मग आता तसंच धरा." पुढच्या भाऊबिजेला तो खरोखरच आला, बायको उर्मिलाला घेऊन, ओवाळणीचं लुगडं घेऊन.

सत्तावन्नच्या दिवाळीनंतर गंगाधरच्या टेबलावर एक ट्रेसिंग आलं. नवा हमरस्ता आखायचा होता. त्याने टी-स्क्वेअर सरळ केला, आणि नकाशातली गावांची नावं वाचता वाचता त्याचा हात थांबला. जुनी गाडीवाट रुंद करून उंबरफाट्यावरून न्यायची, अशी आखणी आधी होती. ती खोडून नवी रेघ दीड मैल उत्तरेकडे सरकवली होती. तिथे माळावर रेल्वेवरून पूल, आणि उंबरफाट्याचं फाटक कायमचं बंद. इंजिनियरच्या दृष्टीने बरोबरच होतं. गाड्या थांबायला नकोत म्हणूनच तर पूल. पण गाड्या थांबल्या नाहीत, तर उंबरफाटा उरतोच कुठे?

नकाशा ऑफिसबाहेर न्यायची सक्त मनाई होती. गंगाधरने बावीस वर्षांत पेन्सिलीचा तुकडाही घरी नेला नव्हता. त्या शनिवारी त्याने पातळ कागदावर नकल काढली, घडी करून सदऱ्याच्या आत ठेवली आणि तडक ठाकूरद्वार गाठलं.

शरदने नकल टेबलावर पसरली आणि बराच वेळ पाहिली. बोटाने नव्या रेघेवरून एकदा गेला, पुन्हा एकदा गेला.

"हा पूल नक्की इथेच?"

"हरकती आल्या नाहीत तर इथेच. अजून कागदावरच आहे. गावाने एकमुखाने हरकत घेतली तर जुनी आखणी परत येऊ शकते."

"मग घेऊ की हरकत!" शरदने टेबलावर थाप मारली. "तू अर्ज लिही. सह्या-अंगठे घे. तुझं नाव कुठे येता कामा नये. मी वकील म्हणून स्वतः नेऊन देतो. आणि ही नकल राहू दे माझ्याकडे, अभ्यास करावा लागेल."

गंगाधरने ती तिथेच ठेवली.

पुढच्या रविवारी लालबागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गंगाधरने अर्ज वाचून दाखवला. शिवा गावी जाऊन आला. बाजारातल्या बायकांचे, हमालांचे, फाटकवाल्याचे, तात्याचे अंगठे घेऊन आला. दोनशे अकरा सह्या आणि अंगठे. त्यासाठी गंगाधरने सहा कोरे कागद हिरव्या पेन्सिलीने स्वतः आखले होते, चुका होऊ नयेत म्हणून. शरदने गठ्ठा हातात घेतला आणि सगळ्यांसमोर कपाळाला लावला. "हा कागद नाही, ही आपल्या गावाची कुंडली आहे," तो म्हणाला. शिवाने त्याच्यासाठी खालून सोडा मागवला.

मग महिने गेले. गंगाधर विचारायचा, शरद म्हणायचा, "दिलाय अर्ज. वर विचार चालू आहे. तू ऑफिसात तोंड उघडू नकोस, अडकशील." गंगाधरला ते पटायचं. माणसाने आपल्यासाठी काळजी करावी याचं त्याला अप्रूप होतं.

अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये जमीन संपादनाचा नकाशा आला. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या जमिनींचे सर्व्हे नंबर आणि त्यात मालकांची नावं सुबक अक्षरात भरायची, हे काम साहजिकच गंगाधरकडे. यादी डाव्या हाताला ठेवून तो एकेक नाव उतरवू लागला. सर्व्हे नंबर चाळीस, उर्मिला शरदचंद्र खोपकर. त्याला वाटलं, खोतांची जुनी जमीन असेल. पण खोतांची जमीन नदीकाठी, माळावर कधीच नव्हती. एक्केचाळीस, उर्मिला शरदचंद्र खोपकर. त्रेचाळीस, तेच. सत्तेचाळीस, तेच. रस्त्यात जायचा तो चिंचोळा पट्टा, बाकी सगळी जमीन पुलाच्या उताराला लागून, अगदी हमरस्त्यावर. खरेदीची तारीख यादीतच होती: नकल दिली त्यानंतर सतरा दिवसांनी.

त्याने नावं भरली. शाई वाळू दिली, टेबल पुसलं आणि तो रेकॉर्डरूममध्ये गेला. तिथले नाना त्याच्या ओळखीचे. "नाना, उंबरफाट्याची फाइल जरा दाखवता?"

फाइलीत अर्ज होता. वरचा कागद टाइप केलेला होता, खाली वकील म्हणून शरदची लफ्फेदार सही. 'उंबरफाटा येथील ग्रामस्थांची नियोजित आखणीस काहीही हरकत नाही. उलट नवीन पुलाचे ते स्वागत करतात.' आणि त्यामागे टाचणीने जोडलेले सहा कागद. हिरव्या पेन्सिलीने आखलेले. दोनशे अकरा सह्या आणि अंगठे. चौथ्या पानावर तात्याचा अंगठा, भात्यापाशी बसून भाजलेला, रेषाच नसलेला, नुसता काळा गोळा.

गंगाधर खुर्चीवर बसला. नानांनी पाणी आणून दिलं. "काय हो फणसे, बरं वाटत नाही का?"

"नाही," तो म्हणाला, "बरं नाही वाटत."

संध्याकाळी तो ठाकूरद्वारला गेला. अशिलं बसली होती, ती जाईपर्यंत थांबला. शरदने त्याचा चेहरा पाहिला आणि दार लोटून घेतलं.

"आमचा अर्ज कुठे आहे?" गंगाधरने विचारलं.

"तुला कळलंय तर विचारतोस कशाला?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

शरदने खिडकी उघडली, पुन्हा लावली. "हे बघ गंगू, फाटकावरचं गाव आज ना उद्या मरणारच होतं. रस्ता जिथे जातो तिथे गाव जातं. माळावर नवा बाजार उभा राहील, त्यात आपलीच माणसं दुकानं घालतील. कोणीतरी जमीन घेणारच होतं. गुजराथ्याने घेतली असती तर तुला चाललं असतं? मी घेतली, मराठी माणसाने, हे वाईट?"

"तू त्यांचे अंगठे घेतलेस, शरद. माझ्या हातून घेतलेस."

"आणि नकाशा कुणी आणून दिला?" शरदचा आवाज मुळीच चढला नाही. "चौकशी लागली तर तुझी लागेल. मी तुझं नाव घेणार नाही, एवढा भरवसा ठेव. वहिनींना सांग, भाऊबिजेला येतो."

गंगाधर तिथून दादरपर्यंत चालत आला. ललिताला सगळं सांगितलं. ती जेवणाची ताटं वाढत होती, तशीच थांबली. मग उठून तिने ट्रंकेतून भाऊबिजेचं लुगडं काढलं आणि सकाळी बोहारणीला देऊन टाकलं. बदल्यात काहीही घेतलं नाही. बोहारीण दोनदा मागे वळून बघत गेली.

"आता तुम्ही काय करणार?" तिने विचारलं.

"लालबागला जाऊन सांगतो."

"ते तुमच्यावर विश्वास ठेवतील?"

हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. रविवारी खोलीत त्याने उभं राहून पहिल्यापासून सांगितलं, नकाशाच्या नकलेसकट सगळं. मग गिरणीतला एक म्हातारा जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणाला, "शरदभाऊंचं डोकं फुटलं आमच्यासाठी. येरवड्याला राहून आले. तुम्ही तेव्हा कुठं होता?"

"माझ्याच घरी होते ते, पाच दिवस."

"आता असं सांगता!" मागून कोणीतरी ओरडलं. "रस्त्याची रेघ कुणी ओढली? सरकारच्या ऑफिसात बसून तुम्हीच ना?"

"मी ओढली. पण..."

"मग फितूर कोण?"

त्याने शिवाकडे पाहिलं. शिवा मान खाली घालून हाताची बोटं पुसत होता, कापडाच्या चिंधीने, एकेक. त्याने वर पाहिलंच नाही. गंगाधर चपला शोधून जिना उतरला.

सोमवारी त्याने साहेबांना स्वतःच्या अक्षरात निवेदन दिलं. अर्जाचा पहिला कागद बदललेला आहे. मूळ अर्ज मी लिहिला होता. नकाशाची नकल मी बाहेर नेली. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "फणसे, कळतंय का तुम्ही काय लिहिलंय? हरकतीची मुदत संपलीय, कामाला मंजुरी मिळालीय. रस्ता हलणार नाही. हलाल फक्त तुम्ही."

"ठीक आहे, साहेब."

चौकशी झाली. तो कबूल होता, त्यामुळे ती लवकर आटोपली. नोकरी राहिली, पण ड्रॉइंग टेबल गेलं. त्याला नानांच्या हाताखाली रेकॉर्डरूममध्ये बसवलं. बदललेल्या कागदाबद्दल शरदला एक पत्र गेलं. त्याने उत्तर दिलं, की ग्रामस्थांनी तोंडी सांगितलं तसं आपण लिहिलं. ते उत्तर फाइलीला लावायचं काम गंगाधरनेच केलं.

एकोणसाठ संपता संपता पूल वाहता झाला. फाटक बंद करून वाट अडवायला दोन्ही बाजूंना रुळांचे तुकडे उभे गाडले. पहिल्या महिन्यात चहावाले गेले, मग बाजार फुटला. माळावर खोपकरांच्या जमिनीत पेट्रोलपंप उभा राहिला, पुढे दुकानांचे गाळे. ते उंबरफाट्याच्या कोणालाच परवडले नाहीत. तात्याने भाता बंद केला आणि शिवाने त्याला लालबागला आणलं. गावाहून येणाऱ्यांच्या तोंडून मंडळातल्यांना हळूहळू सगळं कळत गेलं. कोणी गंगाधरकडे येऊन तसं बोललं मात्र नाही.

साठच्या एक मेला मुंबई उजळून निघाली होती. लालबागला तर घरोघरी गुढ्या, तोरणं, नाक्यानाक्यावर पेढे. त्या सकाळी शिवाचा निरोप आला, तात्यांनी भेटायला बोलावलंय. गंगाधर आणि ललिता दोघंही गेली. खाली मैदानात सभा चालू होती आणि कर्ण्यावरून ओळखीचा आवाज येत होता. शरदच बोलत होता, फार सुंदर बोलत होता. हुतात्म्यांचं नाव घेताना त्याचा गळा भरून आला, आणि गंगाधरला खात्री होती की ते ढोंग नव्हतं. टाळ्या कडाडल्या. या दिवसासाठी गंगाधरनेही चार वर्षं जीव टाकला होता. टाळी वाजवायला त्याने हात वर केले, पण ते तसेच खाली आणले.

तात्या गॅलरीत घोंगडीवर बसले होते. "बसा मास्तर," ते म्हणाले. अप्पांना म्हणायचे तेच त्यांनी मुलालाही लावलं होतं. "त्या सडकेवरनं गेलात का कधी? कशी हाय?"

"चांगली आहे, तात्या. गुळगुळीत. गाडी थांबत नाही कुठे."

"आमच्या बापाच्या टायमाला पण म्हणायचे, रेल्वे आली, आता गाडीवाल्यांचं मरण. तर त्या रेल्वेनंच आमाला पोसलं." तात्यांनी गुडघे चोळले. "रस्त्याला माझा राग नाय. त्याला काय ठाव, खाली कोण हाय ते." ललिताने डबा उघडून त्यांच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. ते तो हळूहळू खात राहिले.

शिवा ट्रामपर्यंत पोचवायला आला. तिघांनी गर्दीतून वाट काढली. थांब्यावर शिवा म्हणाला, "भाऊ, तुम्ही फसलात, ते कळलं आम्हाला. त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. नाय बोललो."

"असू दे, शिवा."

"नाय, एक इचारतो. नकाशा तुमच्या खिशात होता. ठाकूरद्वारला जाताना वाटेत लालबाग लागत नव्हतं का? आम्हाला आधी का नाय दाखवलात? त्याला का दाखवलात?"

लालबाग वाटेत लागत नव्हतं, हे उत्तर गंगाधरच्या जिभेवर आलं होतं. फोर्टातून गिरगावला जाताना लालबाग लागत नाही, हे शिवालाही ठाऊक होतं. खरं उत्तर दुसरंच होतं. त्या शनिवारी लालबागचं नाव त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. गाव वाचवायचं तर आपल्यातल्या, शिकलेल्या माणसाकडे जायचं, एवढंच त्याला सुचलं होतं. अंगठे नंतर घ्यायचे होते.

ट्राम आली. ललिता आधी चढली. शिवा अजून त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"चुकलं माझं," गंगाधर म्हणाला.

"हां," शिवा म्हणाला, आणि कंडक्टरने घंटा मारली तशी वाट देत बाजूला झाला.