कथबर्टच्या नावाची मेणबत्ती

वर्लिनच्या थोरल्या भावाला जुळ्या मुली झाल्या त्या साली, म्हणजे १९८१ च्या ऑक्टोबरात, ती क्युबातल्या सान्तियागो शहरातल्या एका चढावर थांबून ओदालिसशी वाद घालत होती. ओदालिसला आधी मोरोचा किल्ला बघायचा होता, मग आइस्क्रीम. वर्लिनला आधी चर्चमध्ये जायचं होतं.

वर्लिन ग्रेनाडा बेटावरची. कामाग्वेला डॉक्टरकी शिकायला येऊन तिला वर्ष झालं होतं. ओदालिस तिथलीच, तिच्याच खोलीत राहणारी. शनिवार-रविवार शहर बघायचं म्हणून दोघी रात्रभर बसने आल्या होत्या. पण वर्लिनच्या पिशवीत ग्रॅनीचं पत्र होतं, हे ओदालिसला बसमध्येच कळलं.

ग्रॅनीचा भाऊ कथबर्ट अलेक्सिस सतरा वर्षांचा असताना ऊस तोडायला क्युबात गेला. सात वर्षं त्याची पत्रं आली. शेवटचं पत्र १९३१ चं, वर या चर्चचा पत्ता. पुढे काही नाही. दर वर्षी एक नोव्हेंबरच्या संध्याकाळी ग्रेनाडात घरातल्या मेलेल्या माणसांसाठी कबरींवर मेणबत्त्या लावतात. ग्रॅनी कथबर्टच्या नावाची एक आणायची आणि न लावताच परत न्यायची. जिवंत माणसाच्या नावाने मेणबत्ती लावली तर ती त्याला ओढून नेते, असं तिकडे मानतात. आणि मेलेल्याला उजेड दिला नाही तर तो अंधारात वाट शोधत राहतो. पन्नास वर्षं ग्रॅनी या दोन्हींच्या मधे अडकली होती. आता तिचं हृदय थकलं होतं. तिने लिहवून घेतलं होतं, पोरी, या वर्षी मला काय ते कळव.

चर्चमधल्या बाईने दफनाची वही काढली. बेटांवरून आलेल्या सगळ्यांना ती जमैकनच म्हणत होती. कथबर्ट अलेक्सिस, १९४९, छातीचा रोग. तिने बोट ठेवून दाखवलं. वर्लिनला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

"जास्त काही हवं असेल तर मागे जोसेफ बेन बसलेत," बाई म्हणाली. "दोघं एकाच बोटीने आले होते."

मागच्या अंगणात एक म्हातारा खुर्चीची वेताची बैठक विणत होता. वर्लिनने ग्रेनाडाचं नाव घेतलं तेव्हा त्याने मान वर केली, अलेक्सिस म्हटल्यावर परत खाली घातली. कथबर्टला मीच खांदा दिला, तो म्हणाला. भला माणूस होता, फार खोकायचा. ऊस तोडणं त्याला कधी जमलंच नाही, गोदीवर पहारा करायचा.

वर्लिन गोंधळली. ग्रॅनीच्या सगळ्या गोष्टींमध्ये कथबर्ट दिवसभर कोयता चालवणारा होता. पत्रात तो स्वतःच तसं लिहायचा.

तिने ते सांगितलं. म्हाताऱ्याने वेत पाण्यात बुडवला. मग तो सावकाश बोलला. तेव्हा मुकादम तोंड बघत नसे, कागद बघत असे. एखाद्याची छाती बिघडली की त्याचा ऊसतोडीचा कागद दुसरा घ्यायचा आणि आपला हलक्या कामाचा त्याला द्यायचा. बरा झाला की परत अदलाबदल. कधीकधी माणूस बरा होत नसे. मग जो मरे तो दुसऱ्याच्या नावाने पुरला जाई. जो उरे त्याचं लग्न, मुलं, घर, सगळं मेलेल्याच्या नावावर.

"तुम्ही दोघांनी तसं केलं होतं?"

त्याने वेत ओढून घट्ट केला.

"तितीच्या मनगटावरचा डाग गेला का?" त्याने विचारलं. "गरम काकवीचा."

ग्रॅनीला तिती म्हणणारं आता कुणीच उरलं नव्हतं. वर्लिनने ते नाव या अंगणात उच्चारलंही नव्हतं. तिला बसावंसं वाटलं, पण जी एक खुर्ची होती तिला बैठक नव्हती.

डाग आहे, ती म्हणाली. मग तिने मेणबत्तीचं सांगितलं. ग्रॅनी का थांबली आहे, तेही सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. ओदालिसला त्यांची बोली कळत नव्हती, ती दारात उभी राहून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

"लावली तर तिला झोप लागेल?"

"लागेल."

"मग लाव म्हणावं."

"पण ते खरं..."

"वहीत आहे ते खरं," तो म्हणाला. "आई वाट बघत गेली, ते मला कळलं होतं, पोरी. मी गेलो नाही. आता कुठल्या तोंडाने उठून उभा राहू?"

वाटेत ओदालिसला सगळं सांगून झाल्यावर वर्लिन तारघरात कागद पुढे घेऊन बसून राहिली. तिने दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

"जिवंत की मेलेला?" ओदालिस म्हणाली. "एक काहीतरी ठरव बाई. डॉक्टर होणार म्हणे. तुझ्या हाती पेशंट दिला तर बिचारा दारातच ताटकळेल."

"मला नाही कळत गं."

"त्याने स्वतः काय सांगितलं?"

वर्लिनने लिहिलं, कथबर्ट १९४९ मध्ये गेला, मेणबत्ती लाव. खाली जागा उरली होती. तिथे तिने लिहिलं, त्याच्या सोबत्याने सांगितलं, जोसेफ बेन, तो तुला तिती म्हणतो. ओदालिसने शब्द जास्त झाल्याचं सांगितलं. वर्लिनने काही खोडलं नाही. किल्ला त्यांनी बघितला, पण तो कसा होता हे नंतर तिला आठवेना.

नोव्हेंबरच्या शेवटी ग्रॅनीचं पत्र आलं. मेणबत्ती लावली होती, वाऱ्यातही चांगली जळली. खाली एक ओळ होती. त्या बेनला म्हणावं, संध्याकाळी गळ्याला फडकं बांधत जा, त्याला लहानपणापासून गारवा सोसत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात तिने बेन जेवतो का, हे विचारलं. भावाचं नाव पुन्हा काढलं नाही.

ग्रॅनी १९८४ च्या मार्चमध्ये वारली. जोसेफ बेन १९ ऑगस्ट १९८८ ला सान्तियागोत वारले.