बाईंनी खिडकीकडे वळवलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, आणि आज जे सांगणार आहे ते सांगताना माझी मान खाली जाते. म्हणजे, मला मान असती तर गेली असती.

सुतारकाकांनी मला मुद्दाम हलकं बनवलं, कारण मला सारखं इकडून तिकडे हलवलं जाणार होतं. मला मागवणाऱ्या बाई मनाच्या दुखण्यावर उपचार करायच्या. गोळ्या नाहीत, सुया नाहीत. माणूस यायचा, माझ्यावर बसायचा आणि बाईंशी बोलायचा. पण सगळ्यांना एकच माप लावणं बाईंना पटायचं नाही. जसा माणूस, तशी माझी जागा. कमी ऐकू येणारे एक आजोबा यायचे, तेव्हा बाई मला आपल्या अगदी जवळ ओढून घ्यायच्या. परीक्षेच्या धसक्याने गप्प झालेली एक ताई तर जमिनीवरच बसायची आणि माझ्यावर कागद ठेवून चित्रं काढायची. मग बाईही खुशाल तिच्याशेजारी फतकल मारायच्या.

एक ट्रकवाला दादा होता. अपघातानंतर त्याला कुणाच्याही नजरेला नजर देता येत नव्हती. बाईंनी मला आणि स्वतःच्या खुर्चीला शेजारी शेजारी, खिडकीकडे तोंड करून मांडलं. समोर रस्ता दिसला आणि गडी गाडी चालवता चालवता बोलावं तसा भडाभडा बोलला. पुढे तो कामावरही गेला. बाई खूश झाल्या. मी तर काय, हवेतच!

मग चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक काकू येऊ लागली. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे आरसा धरणं हे तिचं काम. एका आजारात तिचा अर्धा चेहरा लुळा पडला. ओठ एका बाजूला उतरला, एक डोळा नीट मिटेना. तिने दुकानात जाणं सोडलं. घराबाहेर पडायची ती फक्त बाईंकडे यायला, तेही तोंडाला रुमाल लावून.

बाईंना वाटलं, हिला लाज वाटते, तर हिच्याकडे टक लावून बघायला नको. झालं, मला पुन्हा खिडकीकडे वळवलं. काकू रस्त्याकडे बघत बसायची. विचारलं तर हो किंवा नाही, पुढे काही नाही. माझे हात मात्र ती घट्ट धरून ठेवायची. मला वाटायचं, दादा बोलला तशी हीसुद्धा बोलेल, जाते कुठे!

एके दिवशी ती बसलीच नाही. आता येणार नाही, एवढंच सांगायला आले, म्हणाली. बाईंनी कारण विचारलं.

"घरी सगळे माझ्याशी बोलताना ताटाकडे बघतात," ती म्हणाली. "वाटलं, तुम्ही तरी बघाल. तुम्ही तर खुर्चीच फिरवून ठेवलीत. इतकी वाईट दिसते का मी?"

मित्रांनो, मी लाकडाची, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई कानापर्यंत लाल झाल्या. पण त्यांनी सारवासारव केली नाही. तुमच्या भल्यासाठीच केलं, असंही म्हणाल्या नाहीत.

"माझं चुकलं. मी तुम्हाला विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही सांगा, खुर्ची कुठे ठेवू?"

काकूने सांगितलं नाही. तिने स्वतःच मला फरफटत बाईंच्या समोर आणलं, इतकं समोर की बसल्यावर गुडघ्याला गुडघा लागला. मग तिने रुमाल काढला. बाई तिच्याकडे बघत राहिल्या, उतरलेल्या ओठाकडे, न मिटणाऱ्या डोळ्याकडे. त्यांनी नजर चुकवली नाही. काकू रडली, आणि रडता रडता बोलत सुटली. काही महिन्यांनी ती दुकानात परत गेली, तेव्हाही तिचं तोंड थोडं वाकडंच होतं.

आता माझा एक हात निखळलाय. मला बाहेरच्या खोलीत टाकलंय, माझ्यावर जुनी वर्तमानपत्रं साठतात. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. काकूचा तो प्रश्न आठवला, की मात्र अजून शरमेने जीव अर्धा होतो.

म्हणून एक विनवणी करते. तुमच्या वर्गात, घरात कुणी मान खाली घालून बसलं असेल, तर जरूर मदत करा. पण त्याला काय हवंय ते आधी त्यालाच विचारा. आणि विचारताना त्याच्या तोंडाकडे बघा.