घाटवहीची मागची पानं

काचबिंदू या शब्दाचा मला फारसा राग आला नाही. राग आला तो डॉक्टरांच्या पुढच्या वाक्याचा. "गाडी चालवणं आता बंद," असं ते माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघून म्हणाले, जणू मी शाळेतला मुलगा आणि कल्याणी माझी पालक. मला समोरचं उत्तम दिसतं, पेपरातल्या लग्नाच्या बारीक जाहिरातीसुद्धा दिसतात. फक्त कडेचं दिसत नाही. आमच्या सहकारनगरच्या सोसायटीच्या गेटचा खांब नेमका कडेलाच होता, हे मला आरसा तुटल्यावर कळलं.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. रेघ सरळ हवी आणि आकडा बरोबर हवा, एवढंच मला आयुष्यात नीट जमलं. घाटांचा नाद लग्नानंतर लागला. आधी स्कूटर, मग सेकंडहँड मारुती, मग आत्ताची गाडी. तीस वर्षांत सदतीस घाट. प्रत्येकाची नोंद लाल पुठ्ठ्याच्या एका जाड वहीत: तारीख, घाट सुरू होतानाचं किलोमीटर, संपतानाचं किलोमीटर, लागलेला वेळ, ॲव्हरेज. मी सांगायचो आणि शेजारी बसून कल्याणी लिहायची. मध्ये कुठे थांबणं मला मान्य नव्हतं, कारण वेळेचा आकडा बिघडतो. घरी आल्यावर वही तिच्या कपाटात जायची. आकडे मला पाठ होते, त्यामुळे मी ती कधी उघडली नाही.

आता गाडी विकायची ठरली. आमची मुलगी शेफाली वाघोलीला राहते, तिने गिऱ्हाईकही शोधलं. रविवारी ते येणार, हे पक्कं झालं त्या दिवशी जेवताना कल्याणीने ताटाशेजारी एक कार्ड ठेवलं. ड्रायव्हिंग लायसन्स. फोटो तिचा, वय एकसष्ट. गेले तीन महिने मंगळवार-शुक्रवार "शेफालीकडे जाऊन येते" म्हणून बाई जात होती, ती तिथल्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये. मुलगीसुद्धा सामील.

"शनिवारी वरंध घाटात जाऊ," ती म्हणाली. "मी चालवीन."

"वरंध झालाय आपला. अठ्ठ्याण्णव साली."

"तुमचा झालाय," ती म्हणाली आणि भात वाढला. "आणि अहो, एक अट आहे. माझ्या चालवण्याबद्दल एक शब्द जरी बोललात, तर तिथल्या तिथे गाडी वळवीन आणि रविवारी त्या माणसाला किल्ली देऊन टाकीन. या वयात शेजारी बसून कोणी मला शिकवायचं, तर मला गाडीच नको."

पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला दुसऱ्याचं चुकतंय हे दिसत असताना गप्प बसायला सांगणं म्हणजे निव्वळ छळ. पण मी हो म्हणालो. मला घाट हवे होते. निवृत्तीनंतर माझ्याकडे दुसरं होतं काय? सकाळचा पेपर, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहायची पत्रं. गाडी गेली की ही पत्रंच उरणार होती.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. कात्रजपर्यंत मी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा जांभई दिल्यासारखं केलं. बोगद्यात तिने दिवे लावले, मी सांगण्याआधी. हायवेवर ट्रकच्या मागे ती उगाच रेंगाळली, मी मांडीवर बोटांनी ठेका धरला. "बोटंही नकोत," ती रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. मी हात काखेत दाबून ठेवले.

कापूरहोळला महामार्ग सोडून भोरच्या रस्त्याला लागलो. ऑक्टोबरची सुरुवात होती. भाताला लोंब्या धरल्या होत्या, बांधांवर पिवळी सोनकी फुलली होती. पुढे नीरा-देवघर धरणाचं पाणी रस्त्याच्या सोबतीने बराच वेळ चाललं. मी धरणांचे नकाशे काढण्यात नोकरी घालवली आणि पाण्याला इतके रंग असतात हे मला ठाऊक नव्हतं. कागदावर आम्ही ते एकाच निळ्या शाईने दाखवायचो.

घाट सुरू झाला तसं ती म्हणाली, "समोरच्या खणात वही आहे. आकडा लिहा." लेखनिकाचं काम आता माझ्याकडे आलं होतं. मी तारीख आणि किलोमीटर लिहिलं आणि वही मांडीवर ठेवली.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर खालून पेंढ्याने भरलेला टेम्पो वर येताना दिसला. रस्ता अरुंद, पावसाने कडा खचलेली. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं, हा नियम मी तीस वर्षं तावातावाने पाळला आणि न पाळणाऱ्यांना काच खाली करून ऐकवला. आता तो माझ्या घशापर्यंत आला. मी दात घट्ट दाबले. तेवढ्यात कल्याणीने गाडी थोडी मागे घेतली, डोंगराच्या बाजूच्या रुंद जागेत घातली, चाकं दरडीकडे वळवली आणि हँडब्रेक ओढला. अगदी मी घेतो तशी. टेम्पो कण्हत जवळ आला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"एक नंबर, काकू! न्हायतर शहरातली मान्सं आडवी घुसत्यात."

कल्याणीने नुसती मान हलवली, पण तिचे कान लाल झाले होते. मला तिचा अभिमान वाटला. तो बोलून दाखवणं अटीत बसतं की नाही हे ठरेना, म्हणून तोही गिळला.

गाडी निघाली तशी वही मांडीवरून घसरली आणि पायाशी पडली. मी उचलली ती उलटी, मागच्या बाजूने. मागची पानं कोरी असायला हवी होती. ती भरलेली होती. अक्षर कल्याणीचं, बारीक, काही ठिकाणी खड्ड्यांमुळे उडालेलं.

"आंबेनळी, २००३. करवंदं विकणाऱ्या बाईने हात केला. थांबायचं होतं. ॲव्हरेज चांगला चालला होता, बोलले नाही."

"कुंभार्ली, २०११. ढग रस्त्यावर येऊन बसला होता. थांबायचं होतं. यांनी वायपर लावला."

"माळशेज, २००६. धबधब्याखाली पोरं ओरडत होती. मलाही ओरडायचं होतं."

दर घाटाची एक ओळ. सदतीस ओळी. माझ्या आकड्यांच्या पाठीला पाठ लावून ही बाई तीस वर्षं हे लिहीत होती, आणि मी शेजारी बसून तिला दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते सांगत होतो. मला लाज वाटली. कोणी बघत नसतं तर मी डोळे पुसले असते. मग वाटलं, काचबिंदूचा माणूस आहे, डोळे पुसले तर कोणाला काय कळणार, आणि पुसले.

मी वरंधची ओळ शोधली.

"वरंध, १९९८. वाघजाईच्या देवळाआधी दुसरं वळण. खाली दरीत एकच घर, अंगणात लाल लुगडं वाळत घातलेलं. एवढ्या खाली एकटी कोण राहत असेल? थांबायचं होतं."

मी मान वर केली. वळणं मोजण्यात माझा हात कोणी धरणार नाही. देवळाआधीची वळणं मला शेवटून पाठ होती. तिसरं मागे गेलं होतं, दुसरं समोर येत होतं. ती त्याच शांत चालीने, दुसऱ्या गिअरमध्ये, ते वळण पार करायला निघाली. नजर रस्त्यावर, जशी माझी असायची. तीस वर्षं जी बाजूला बघत होती, तिला आता बाजूला बघता येत नव्हतं.

"थांबव," मी म्हणालो.

तिने ब्रेक दाबला नाही. वळण पूर्ण केलं, आरशात पाहिलं, पुढच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली, आणि मग माझ्याकडे वळली. चेहरा पडला होता. "मोडलीत ना अट," ती म्हणाली. "एवढा वेळ किती छान गप्प बसला होतात. चला, वळवते."

"वळव. पण आधी उतर. दुसरं वळण हेच."

मी वही तिच्यासमोर धरली, उलटी, मागच्या पानावर. तिने स्वतःचीच ओळ वाचली. मग किल्ली काढून उतरली आणि माझा हात धरून मला कठड्यापाशी घेऊन गेली, कारण कडेचं मला दिसत नाही.

खाली घर होतं. आता एकाची तीन झाली होती. एकावर डिश अँटेना, एकापुढे निळी ताडपत्री. लुगडं नव्हतं. पण अंगणात कोणीतरी काहीतरी पसरत होतं, भात असेल नाहीतर नाचणी. एवढ्या वरून ती बाई आहे की पुरुष तेही कळत नव्हतं. कल्याणी बघत राहिली, मी तिच्या शेजारी उभा राहून बघत राहिलो. घड्याळ हातात होतं, मी त्यात पाहिलं नाही. वाऱ्याला सोनकीचा कोवळा, कडवट वास होता. मी त्या दिवशी सुखी होतो, हे मी लिहून ठेवतो, कारण असं काही लिहून ठेवायची मला सवय नाही.

"एकटी नाहीये," ती शेवटी म्हणाली. "बरं झालं."

मग तिने माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि बॉनेटवर वही ठेवून १९९८ च्या ओळीतल्या "थांबायचं होतं" या शब्दांवर एक रेघ मारली. रेघ जरा वाकडी आली. मी काही बोललो नाही.

"परत वळायचं ना?" मी विचारलं.

"वाघजाईला भजी खाऊ, मग वळू. आणि शेफालीला फोन करा, उद्या त्या माणसाला येऊ नको म्हणावं."

मी उरलेल्या ओळी मोजल्या. "छत्तीस राहिल्या. माझे डोळे आहेत तोवर होतील का गं?"

तिने दार उघडलं, सीट पुढे ओढली आणि पट्टा लावला.

"तुम्ही गप्प बसलात तर होतील," ती म्हणाली.