रेस्ट रूमची गादी

केरबा शिपायाला त्या कॉलेजची शिसारी आलती. पण भाकरी तिथलीच, म्हणून गिळून गप ऱ्हायचा.

कुरुंदवाडकडचं कॉलेज, हंबीररावांचं. समदी त्यास्नी आण्णा म्हणायची. इमारतीला कमान झाली, कमानीवर आण्णांचा फोटो झाला, पण पोरींना संडास काय झाला न्हाई. मागं ऊस उभा असंल तवर आडोसा. ऊस तुटला की बोंब. केरबाची अनुजा तिथंच बी.ए.ला. घरातनं निघताना पाण्याचा घोट घ्यायची न्हाई. शेवटी लघवीला जळजळ, अंगात ताप. डॉक्टर म्हणाला, "केरबा, पोरीला पाणी पाज, न्हाईतर कॉलेज सोडव." बायकोनं तेवढं शेवटचंच ऐकलं. "सोडवाच. स्थळ आलंय."

केरबा म्हणाला, "थांब. कमिटीनं सांगितलंय, आता बांधतील."

तपासणीची कमिटी आदल्या खेपंला सुधारणा लिहून गेलती. त्यातली एक, 'रेस्ट रूम फॉर लेडीज'. मीटिंग बसली. केरबा चहा फिरवत हुता.

"रेस्ट म्हंजे वो?" आण्णा म्हणालं.

"विश्रांती, आण्णासाहेब," प्राचार्य म्हणालं.

"मग टाका की एक कॉट! त्यात काय एवढं?"

इंग्रजीच्या सरांना खरं काय ते ठावं हुतं. पण त्यांचं पर्मनंट हुणं आण्णांच्या हातात. त्यांनी बशीत चहा वतला आणि फुंकर मारत बसलं.

कॉट आण्णांच्या बंगल्यातनं केरबानंच खांद्यावर आणली. वर गादी, उशी, उशीवर भरतकामात 'स्वीट ड्रीम्स'. पोरी घाण करतील म्हणून दाराला कुलूप. आणि कमिटीला कळवलं, सूचनेची पूर्तता केली!

कमिटी परत आली. फेटं झालं, नारळपाणी झालं, ताक झालं. कमिटीत एक वयस्कर बाई हुत्या, परमुलखातल्या, मराठी बेताचं. त्यांनी प्राचार्यांना हळूच इचारलं, "रेस्ट रूम कुठे आहे?"

प्राचार्य हरखलं. कुलूप काढलं, पंखा लावला. "पडा मॅडम घटकाभर. नवी गादी हाय."

बाई उशीकडं बघत ऱ्हायल्या. मग म्हणाल्या, "अहो, बाथरूम! मला जायचं आहे."

आण्णा डायव्हरवर वराडलं, "ए, जीप काढ! बाईंना बंगल्यावर ने."

केरबा जीपचं दार धरून हुबा ऱ्हायला. एका बाईची येळ आली तर गाडी, आणि एवढ्या पोरींना उसाचा फड, त्योबी आता तुटल्याला!

तेवढ्यात स्वागतगीताच्या रांगेतनं अनुजा फुडं आली. "मॅडम, आमालाबी न्या की. सकाळधरनं कोणच गेल्याली न्हाई."

आण्णा केरबाच्या कानाला लागलं, "तुझीच न्हवं ही? आवर तिला. न्हाईतर उद्यापास्नं तूबी येऊ नगंस."

केरबानं एकडाव आण्णांच्या फेट्याकडं बघितलं. मग मागं गेला आणि जीपची फळी खाली पाडली. "चढा गं पोरीनु."

पोरी चढल्या. फुडच्या शिटावर बाईंनी सरकून अनुजाला जागा केली. जीप धुरळा उडवत गेली, आणि न मावलेल्या पोरी कमानीखाली हुब्या ऱ्हायल्या.

"हरामखोरा!" आण्णा म्हणालं.

केरबा पचकन थुकला. "दुसरी खेप मारायला लागंल, आण्णा. अजून लई हायत्या."