मी तिला होईनासा झालो

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, पाठीचा. काखेपासून ओटीपोटापर्यंत अंगाला वेढून बसणारा, पांढऱ्या जाड प्लास्टिकचा, मागच्या बाजूला तीन बंद असलेला. दवाखान्यात मला ब्रेस म्हणतात. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या माथ्यावर, एका जुन्या बॅगेच्या शेजारी आहे. इथे दुपारचं ऊन येतं, त्यात धूळ तरंगत राहते आणि मला सारखी डुलकी लागते. डुलकीत मला एका मुलीचा श्वास ऐकू येतो. जागा झालो की आत हात घालून बघावंसं वाटतं, पण मला हात कुठले!

ती तेरा वर्षांची होती. घरात तिला काडी म्हणत. बाबा स्वतः हडकुळे, आत्या हडकुळी, त्यामुळे "आमच्या घराण्यात सगळे काडीपैलवान" असं ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. एकदा फ्रॉकची मापं घेताना आईला तिचा एक खांदा वर दिसला. नीट उभी राहा, म्हणून ती दोनतीनदा रागावलीसुद्धा. पण पोरगी नीटच उभी होती. तिच्या पाठीचा कणाच एका बाजूला वळत चालला होता.

"वाढीच्या वयात असं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाची चूक नाही. पण उंची वाढेल तसा बाकही वाढू शकतो. तो आताच थोपवायला हवा. नाहीतर ऑपरेशन करावं लागेल."

ऑपरेशन म्हटल्यावर आईने काडीचा हात धरला तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. माझा जन्म त्या भीतीपोटी झाला.

पट्टे बनवणाऱ्या बाईंनी काडीला उभं केलं आणि अंगाभोवती प्लास्टरच्या ओल्या चिंध्या गुंडाळल्या. "गुदगुल्या होतात," काडी म्हणाली. "हसू नकोस गं," बाई म्हणाल्या, "नाहीतर पट्टा हसरा होईल आणि दाबायचं विसरेल." त्या सुकल्यावर त्यांचा साचा झाला आणि त्या साच्यावरून तिच्या मापाचं प्लास्टरचं पांढरं धड तयार झालं. मग मला भट्टीत ठेवलं. तेव्हा मी नुसता प्लास्टिकचा एक सपाट तक्ता होतो. धगीत मी हळूहळू मऊ झालो, पारदर्शक झालो, आणि मला पहिलं स्वप्न पडलं की मी पाणी आहे. बाईंनी मला उचलून त्या धडावर पांघरलं. थंड झालो तेव्हा मी एका मुलीच्या आकाराचा होतो. बाक जिकडे जायचा तिकडे मी आतून फुगीर, आणि विरुद्ध बाजूला एक खिडकी कापलेली. इकडून मी दाबायचं आणि कण्याने तिकडे सरकायचं, अशी ती योजना होती. बाईंनी प्रत्येक बंदावर पेनने एक रेघ मारली आणि आईला सांगितलं, "रोज इथपर्यंत ओढायचं."

पहिले काही दिवस काडीने मला मनापासून शिव्या घातल्या. मला वाईट वाटलं नाही. मी काही दागिना नव्हतो. तिला खाली पडलेलं पुस्तक उचलता येईना, वर्गात मागे वळून बघता येईना. एका मैत्रिणीने तिच्या पोटावर टकटक केलं आणि "कोण आहे घरात?" असं विचारलं. काडी हसली. आतून तिचं पोट मात्र दगडासारखं झालं होतं, ते मला कळलं.

मग सवय झाली. सकाळी ती आंघोळ करून, बनियन घालून मला चढवायची आणि आईपुढे पाठ करून उभी राहायची. आई बंद ओढायची. सुरुवातीला आईला दात-ओठ खावे लागत. पुढे पुढे बंद अलगद रेघेपर्यंत येऊ लागले. "बघ, कसा अंगाला बसला आता!" आई खुशीत म्हणायची. शाळेला निघताना ती काडीला जवळ घ्यायची आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायची. म्हणजे माझ्या पाठीवरून. खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. दिवसभर मी त्या हाताच्या उबेत असायचो, आत तिचा श्वास यायचा-जायचा, आणि मी आणि ती वेगळे आहोत हेच मी विसरून जायचो.

विसरून चालणार नव्हतं. कारण मी तसाच होतो आणि ती तशी राहिली नव्हती. पूर्वी तिच्या पोटाला मी लागायचो, आता मधे हवा खेळू लागली होती. तिच्या फासळ्या मला एकेक ओळखू यायला लागल्या. ती चालली की मी तिच्याभोवती किंचित फिरायचो. जिथे दाबायचं तिथे मी दाबतच नव्हतो. बंद रेघेवर होते, आणि मी रिकामा होत होतो. पण बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार? सगळ्यांना मी दिसायचो, तसाच गुबगुबीत. मला ओरडावंसं वाटायचं. प्लास्टिक फार तर करकरतं, तेवढा मी करकरलो. बाबांनी त्यावर पावडर मारली.

एके दिवशी माझा एक बंद तुटला. दुरुस्तीला मला परत बाईंच्या कार्यशाळेत नेलं. काडीने मला उतरवून टेबलावर ठेवलं. बाई बंद शोधायला आत गेल्या. आईने सवयीने काडीला जवळ घेतलं, पाठीवर हात ठेवला, आणि तिचा हात थबकला. तिने दुसराही हात ठेवला. दंड चाचपले, कंबर चाचपली.

"अगं, कुठे गेलीस गं तू?" आई म्हणाली.

काडी खाली बघत होती. "जेवताना पोट दाबतं. दोन घासांत भरतं."

"मग काढायचा ना पट्टा!"

"काढला तर बाक वाढेल. ऑपरेशन करतील." मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "आणि वर्गात सगळ्या म्हणतात, किती बारीक आहेस, आम्हालाही असा पट्टा हवा."

मी टेबलावर उताणा पडलो होतो. तिला सरळ ठेवायला मला आणलं होतं आणि मी तिची भूक खात बसलो होतो. लाज वाटली मला.

त्याच आठवड्यात नवा एक्सरे काढला. बाक वाढला होता. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचं नाव पुन्हा काढलं, पण थोडी मुदत दिली. "कणा काय हवेत उभा राहतो का?" त्या काडीला म्हणाल्या. "त्याला धरायला स्नायू लागतात. स्नायूंना जेवण लागतं. जेवताना पट्टा काढायचा, व्यायामाला काढायचा, बाकी वेळ घालायचा. नुसता पट्टा काय करणार?"

नुसता पट्टा! मला ते जरा लागलंच. पण खरं होतं.

बाईंनी माझ्या आत फोमचे तुकडे चिकटवून मला तात्पुरतं घट्ट केलं. त्या दिवसापासून जेवणाच्या वेळी मला टेबलाशी स्वतंत्र खुर्ची मिळाली. बाबा रोज मला विचारायचे, "काय साहेब, वाढू का थोडं?" काडी सुरुवातीला ताटाकडे परक्यासारखी बघायची. घास फिरवत बसायची. आई स्वतःचं जेवण झालं तरी उठायची नाही. बाबांनी काडीपैलवान हा शब्द घरातून हद्दपार केला. खुर्चीत बसून मी खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकताना बघायचो आणि घास मोजायचो. मोजता मोजता झोप लागायची. जाग यायची तेव्हा कधी कधी ताट रिकामं असायचं.

फोमचे तुकडे एकेक करून निघाले. आईला पुन्हा दात-ओठ खावे लागले. मग एका सकाळी बंद रेघेपर्यंत पोचलाच नाही.

काडी आरशापुढे रडली. "मी जाडी झाले!"

"तू मोठी झालीस," आई म्हणाली. "मला तू पूर्ण हवीयेस गं."

तोंड धुऊन काडी नाश्त्याला बसली, आणि मी खुर्चीवरून बघत होतो, तिने सगळं खाल्लं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मागचा आणि आजचा एक्सरे शेजारी शेजारी धरले. "बाक थांबलाय," त्या म्हणाल्या. "गेलेला नाही, जाणारही नाही. पण थांबलाय. ऑपरेशन नको. फक्त हा पट्टा तिला होत नाही आता, नवा करा."

तिला मी होत नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या वाक्यासाठीच मला बनवलं होतं, असं मला आजही वाटतं.

माझ्या धाकट्या भावाने पुढचं काम केलं. वाढ पुरी झाल्यावर तोही सुटला. काडीचा एक खांदा अजून किंचित वर आहे. ती पोहते, जोरात हसते, आणि तिला काडी म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. ज्या मुलीच्या मापाने मी घडलो, तिच्यात आता ही मुलगी मावायची नाही.

माझ्यासारखा कुणी तुमच्या वाट्याला आला तर त्याला घाबरू नका. तो कडक असतो, पण वाईट नसतो. मात्र जेवायला बसताना त्याला आठवणीने काढा. आणि आईबाबांनो, मुलांना जवळ घ्यायचं तर पट्टा काढल्यावरही घ्या.

मधे एकदा आईने कपाट आवरायला घेतलं. मला खाली काढलं, मांडीवर ठेवलं, ओल्या फडक्याने पुसायला लागली. ठेवायचा की टाकायचा, ते तिचं ठरत नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते. मीही थोडा हळवा झालो होतो. तेवढ्यात दार उघडलं, चपला भिरकावल्याचा आवाज आला आणि स्वयंपाकघरातून हाक आली,

"आई, खायला काय आहे? जाम भूक लागलीये!"

आईने मला तसंच जमिनीवर टाकलं आणि ती धावत गेली.