अळणी वरण

डॉक्टर अर्पितानं वैजनाथरावांच्या छातीवर जेल लावलं आणि इकोचा दांडा बरगड्यांच्या फटीत टेकवला. श्वासाच्या मशीनचा जोर नुकताच कमी केला होता. खाटेच्या पायथ्याशी रुक्मिणीबाई पदर दातात धरून उभ्या होत्या. आज घशातली नळी निघाली तर नवरा आपल्या दमानं श्वास घेणार होता. याआधी दोनदा बेत फसला होता.

थोड्याच वेळात वैजनाथरावांच्या कपाळावर घाम डवरला. पोट भात्यासारखं हलू लागलं.

"मशीन पूर्ववत करा," डॉक्टर सिस्टरला म्हणाली. तिची नजर इकोच्या पडद्यावरच होती. "फुप्फुसं तयार आहेत, मावशी. हृदयाला झेपत नाही. अंगात पाणी साचलंय. नाकातल्या नळीतून काय देता?"

"वरणाचं पाणी. घरूनच आणतो."

"मीठ घालता?"

"हाव. चवीपुरतं."

"आजी, म्या अळणी सांगतलं होतं ना!" सिस्टर कडाडली. "नळीले जीभ असते काय?"

"जित्या माणसाले अळणी कसं देऊ बाई? अळणी तं सुतकातलं."

डॉक्टर हसली नाही. तिनं पडदा रुक्मिणीबाईंकडे वळवला. हृदयाची काळी पिशवी तट्ट फुगून कशीबशी आकसत होती.

"मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. मशीन असते तोवर ती अर्धा भार उचलते. मशीन काढली, की सगळा लोंढा इथं येतो."

रुक्मिणीबाई पाहत राहिल्या. उजव्या हाताची बोटं चिमटीत मिटलेली होती. ती उघडेचनात.

"लघवीचं औषध वाढवते. सूज उतरली की पुन्हा बघू," डॉक्टर म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी जळगाव जामोदहून नणंद रेणुका आली. देऊळघाटच्या घरात चुलीवर वरण उकळत होतं. रुक्मिणीबाई डबा विसळत होत्या. रेणुकानं सवयीनं पळीतलं थेंबभर तळहातावर घेऊन चाखलं.

पळी खाली पडली. रेणुका भिंतीला धरत मटकन बसली.

"वहिनी... दादा कवा गेला? मले काऊन नाई कळवलं?"

रुक्मिणीबाईंनी वरण गाळून डब्यात ओतलं, झाकण दाबलं.

"गेला नाई," त्या म्हणाल्या. "आज पुन्हा मशीन काढून राह्यले. ऊठ, बस चुकन."