डॉक्टर क्लारिबेलचा फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे. सहा फूट बाय चार. सध्या फिलिपिन्समधल्या कांदाबा गावात बदकांच्या खुराड्यापुढे आडोसा म्हणून टांगलेला असतो. पण मित्रांनो, एके काळी मी घराच्या रस्त्याकडच्या फाटकावर मानाने लटकत होतो.

माझा जन्म दोदोंगच्या छपाईच्या दुकानात झाला. क्लारिबेल बारावी पास झाली म्हणून तिच्या मामाने मला छापून घेतलं. माझ्यावर लिहिलं होतं, 'अभिनंदन, डॉक्टर क्लारिबेल!' ती डॉक्टर व्हायला निदान आठ वर्षं होती, पण मामाला आठ वर्षांनी फ्लेक्स महागतील अशी भीती होती. आमच्याकडे मेडिकलआधी चार वर्षांची पदवी लागते. ती कुठली, हे ठरलं नव्हतं. म्हणून खाली 'पदवी :' एवढंच छापून पुढे जागा कोरी ठेवली.

मानेच्या वर क्लारिबेल होती. मानेच्या खाली पांढरा कोट होता, आणि तो कोट घातलेली कुणीतरी दुसरीच बाई होती. दोदोंगने डोकं तेवढं बदललं होतं. जोडावर मला कायम गार लागायचं.

पहिल्या दिवशी त्या बाईचे हात पोटाशी बांधलेले होते. तिसऱ्या दिवशी उजवा हात सुटलेला होता. हे आधी आजीने पाहिलं. आमच्याकडे अशा वेळी कुणी ओरडत नाही. ती म्हणाली, "सरकते हं बाई," आणि भाजी आणायला गेली.

शुक्रवारी कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. सगळे फाटकापाशी भांडत.

"नर्सिंग घे," मामा म्हणाला. "डॉक्टर नाही झालीस तरी कॅनडा कुठे गेला नाही."

"मला जीवशास्त्र घ्यायचंय, मामा."

"बेडूक कापून पोट भरतं?"

"परवा तुम्ही तळलेले सहा खाल्लेत. भरलं नव्हतं?"

"सायकॉलॉजी घे गं," आजी म्हणाली. "पेशंट घरातच आहेत."

गुरुवारी भर दुपारी मामा मार्कर घेऊन शिडीवर चढला. नर्सिंग लिहून विषय संपवायचा, म्हणजे सकाळी फॉर्मवरही तेच. पण कोऱ्या जागेवर हात होता. छापलेला, पालथा, बोटं पसरलेला.

"बाई, जरा हात काढा," मामा अदबीने म्हणाला.

हात हलला नाही. मामा शिडीवरून उतरला आणि दोदोंगला घेऊन आला.

दोदोंगने शिडीखालून माझ्याकडे पाहिलं. "माझ्याकडे कोटातला एकच फोटो होता," तो म्हणाला. "माझी ताई, सोलेदाद. आधी नर्सिंग, मग मेडिकल, असं घरात ठरलं होतं. रियाधला तेवीस वर्षं नर्स होती. परत आली ती शवपेटीतच."

"तिला काय घ्यायचं होतं?" क्लारिबेलने विचारलं.

"कोण जाणे. फॉर्म बाबांनी भरला."

क्लारिबेलने मामाच्या हातातून मार्कर घेतला, शिडी चढली आणि हळूच म्हणाली, "सोलेदाद मावशी, माझं मी लिहिते."

हात बाजूला झाला. तिने लिहिलं : जीवशास्त्र.

"आणि डॉक्टर नाही झालीस तर?" मामाने विचारलं.

"तर नाही होणार, मामा. तेव्हा रडेन. पण कुणाच्या नावाने नाही रडणार."

शुक्रवारी फॉर्मही तिनेच भरला. मग कात्रीने माझ्यावरचं स्वतःचं तोंड नीट गोल कापून काढलं आणि सोलेदादची माफी मागितली. उरलेला मी बदकांकडे आलो.

क्लारिबेल आता तिसऱ्या वर्षाला आहे. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला अजून अवकाश आहे. काय होईल ते मलाही ठाऊक नाही. पण दर वर्षी फॉर्मांच्या दिवसांत गावातली मुलं माझ्यामागे येतात आणि माझ्या भोकातून तोंड बाहेर काढून उभी राहतात. मागे त्यांचे मामा पेन घेऊन असतात. तेव्हा पेन अडवायला हात पुन्हा वर येतो. ऊन-पावसाने त्याची तीन बोटं पुसली गेली आहेत.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणत नाही. बदकं राखतात तेवढी पुरे. फक्त घरातल्या मोठ्यांना पेन खाली ठेवायला सांगा. हात एकच आहे, आणि फॉर्म फार येतात.